ना क्लास, ना डिग्री : जॅझ स्वतःचं स्वतः शिकता येतं का?

अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, साल १९३६. रेनो क्लबमध्ये रात्री उशिरा जॅम सेशन रंगलंय. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा सॅक्सोफोन घेऊन स्टेजवर चढतो. सुरुवात बरी होते, पण मध्येच तो वाट चुकतो. ड्रमवर बसलेला जो जोन्स स्टँडवरची झांज काढतो आणि त्याच्या पायाशी टाकतो. खण्णकन आवाज होतो, हॉलमध्ये हशा पिकतो आणि मुलगा मान खाली घालून बाहेर पडतो.

त्या मुलाचं नाव चार्ली पार्कर. पुढच्या दहा वर्षांत त्याने जॅझ वाजवण्याची पद्धतच बदलून टाकली. तो कुठल्याही संगीत महाविद्यालयात गेला नव्हता. जायचं म्हटलं असतं तरी जॅझची पदवी देणारं महाविद्यालय तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. जॅझच्या पदव्या आहेत, ऑनलाइन कोर्स आहेत, यूट्यूबवर धडे तर मोजता येणार नाहीत इतके. तरीही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये किंवा म्हापशाच्या घरात हेडफोन लावून एकटाच शिकणारा मुलगा किंवा मुलगी तोच जुना प्रश्न विचारते : हे घरबसल्या जमेल का? आणि जमत नसेल तर नेमकं अडतं कुठे?

जॅझमध्ये शिकायचं काय असतं?

वरवर पाहिलं तर जॅझचा साचा सोपा आहे. आधी सगळे मिळून गाण्याची मूळ धून वाजवतात. मग त्या धुनीखालची कॉर्डची चौकट तशीच फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपल्या मनाने नवी धून रचतो. शेवटी पुन्हा मूळ धून. चौकटीच्या एका फेरीला 'कोरस' म्हणतात. आपल्याकडच्या आवर्तनाची आठवण होईल आणि ती तुलना फार चुकीचीही नाही. तबल्याचा ठेका चालू असताना गायक जशी उपज घेतो आणि समेवर येतो, तसंच इथे बास आणि ड्रम चौकट सांभाळतात आणि सॅक्सोफोनवाला भटकून परत येतो.

फरक इथून पुढे सुरू होतो. आपल्याकडे 'सा' स्थिर असतो, तानपुरा एकाच जागी घट्ट उभा असतो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच सरकत असते. सगळ्यात साधी चौकट म्हणजे बारा बारचा ब्लूज. एका बारमध्ये चार मात्रा. पहिले चार बार 'सा'वरच्या कॉर्डचे, मग दोन 'म'चे, पुन्हा दोन 'सा'चे, मग एक 'प'चा, एक 'म'चा आणि शेवटचे दोन 'सा'चे. एकूण ४८ मात्रांचं एक आवर्तन. यावर वाजवण्यासाठी नवशिक्याला पहिल्यांदा जे पाच स्वर देतात ते म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. शास्त्रीय संगीत शिकलेल्या वाचकांनी ओळखलं असेल, हे धानी रागाचे स्वर. त्यामुळे हार्मोनियमवर धानी वाजवू शकणाऱ्याच्या बोटांत ब्लूजचा कच्चा माल आधीपासूनच असतो. फक्त कोणत्या मात्रेला खाली कोणती कॉर्ड आहे, हे डोक्यात सतत चालू ठेवावं लागतं. तिथेच घाम फुटतो.

दुसरी गोष्ट स्विंगची. कागदावर एका मात्रेचे दोन समान भाग लिहिलेले असतात. वाजवताना पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो. किती लांब? पुस्तकं २:१ असं प्रमाण सांगतात, पण प्रत्यक्षात ते लयीप्रमाणे आणि वादकाप्रमाणे बदलतं. लय वाढली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. ही गोष्ट नोटेशनमध्ये मावत नाही, ती ऐकूनच अंगात मुरते. जॅझ शाळेबाहेर जन्माला आलं आणि बरीच वर्षं तिथेच वाढलं, याचं एक कारण हेही आहे.

कॉलेज नव्हतं, तेव्हा कसे शिकायचे?

पार्करचंच पुढे पाहू. १९३७ च्या उन्हाळ्यात तो मिसुरी राज्यातल्या ओझार्क डोंगराळ भागातल्या एका रिसॉर्टवर बँडबरोबर काम करायला गेला. सोबत काउंट बेसीच्या बँडच्या रेकॉर्ड नेल्या. त्यात लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाचे सोलो होते. पार्करने ते सुरासूर उतरवून घेतले. तीन-चार वर्षं आपण रोज अकरा ते पंधरा तास रियाज केल्याचं त्याने पुढे १९५४ मध्ये पॉल डेसमंडला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं. त्याच्या सुरुवातीच्या फजितीचं कारणही त्याच्याच बोलण्यातून कळतं. त्याला मोजकीच गाणी येत होती आणि प्रत्येक गाणं वेगळ्या पट्टीतही वाजवता यायला हवं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. एकट्याने शिकणाऱ्याची ही ठरलेली अडचण आहे. काय येत नाही ते सोडाच, काय यायला हवं हेच माहीत नसतं.

गिटारवादक वेस माँटगोमेरीची गोष्ट याहून बोलकी आहे. इंडियानापोलिसचा हा तरुण विशीच्या उंबरठ्यावर होता, लग्न झालेलं होतं. चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकून त्याने इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. रेकॉर्डवरचे ख्रिश्चनचे सोलो त्याने जसेच्या तसे बसवले आणि तेवढ्या भांडवलावर क्लबमध्ये कामही मिळवलं. पाठ केलेले सोलो वाजवून झाले की मात्र पुढे वाजवायला काहीच नसायचं! रात्री घरात अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज नको म्हणून तो प्लेक्ट्रमऐवजी अंगठ्याने तारा छेडू लागला. ती तडजोडच पुढे त्याची ओळख बनली. दिवसा कारखान्यात आणि रात्री क्लबमध्ये अशी वर्षं काढल्यावर १९५९ मध्ये त्याला रिव्हरसाइड कंपनीचा करार मिळाला. तेव्हा तो पस्तिशीत होता. 'आपण स्वतः शिकलो' ही ओळ रीलमध्ये तीन सेकंदांत बोलून होते, त्यामागचा काळ हा असा असतो.

रेकॉर्डवरून शिकण्याची एक युक्ती इंजिनीअर मंडळींना आवडेल. काही रेकॉर्ड प्लेअरवर ३३ बरोबरच १६ फेऱ्यांचा वेगही असायचा. एलपी त्या वेगावर लावली की गाणं निम्म्या गतीने वाजतं आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जातात. म्हणजे पट्टी तीच राहते, उतरवून घेणं मात्र सोपं होतं. आज यूट्यूबवर ०.५ निवडलं की सूर न उतरता गती निम्मी होते. तेच काम त्या काळी मुलं सुई उचलून, मागे ठेवून, पुन्हा पुन्हा करत होती. रेकॉर्ड झिजायच्या.

महाविद्यालयं आली ती नंतर. १९४५ मध्ये बोस्टनमध्ये लॉरेन्स बर्क यांनी सुरू केलेली छोटी संस्था पुढे बर्कली म्हणून जगप्रसिद्ध झाली. बर्क स्वतः एमआयटीत शिकलेले इंजिनीअर! (इंजिनीअरिंग करून दुसऱ्याच क्षेत्रात जाण्याची परंपरा आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे.) जॅझची पहिली पदवी नॉर्थ टेक्सासमध्ये १९४७ साली सुरू झाली. तोवर पार्कर आणि त्याचे सोबती न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी रात्री जागवून बीबॉप घडवून मोकळे झाले होते.

मुंबई-गोव्यात हे कसं घडलं?

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. हॉटेलांच्या बँडमध्ये गोव्याचे तरुण शिरले. या मुलांकडे एक जमेची बाजू होती. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या पॅरिश शाळांत सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, त्यामुळे नोटेशन त्यांना सहज वाचता यायचं. पण चर्चमध्ये शिकवलेल्या संगीतात स्विंग नव्हता, मनाने वाजवणं नव्हतं. ते रेकॉर्ड ऐकून आणि परदेशी वादकांच्या शेजारी बसून उचलावं लागलं. धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या नावाने चालणाऱ्या गोवेकरांच्या वसतिगृहांत, राहून अनेकांनी हे दुसरं शिक्षण घेतलं.

त्यातला सगळ्यात गाजलेला ट्रम्पेटवादक म्हणजे आल्दोनाचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मराठी वाचकाने त्याला पाहिलेलंही असेल. 'अलबेला' (१९५१) मधल्या एका गाण्यात भगवानदादा आणि गीता बाली नाचतात, तेव्हा मागे झालरीच्या बाह्यांचे झगमगीत पोशाख घालून वाजवणारा बँड त्याचाच. चित्रपटाचे संगीतकार पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर. रेकॉर्डवरून उतरवलेलं जॅझ हॉटेलातून स्टुडिओत आणि तिथून गल्लीतल्या लाऊडस्पीकरवर पोहोचलं ते असं. पुढे कित्येक वर्षं जॅझवाल्या गोवेकरांचं पोट सिनेमानेच भरलं. मात्र त्यामुळे बहुतेकांना आपल्या मनाचं जॅझ वाजवायला फारसा वेळ आणि मंच उरला नाही, ही त्याची दुसरी बाजू.

आणि जिथे रेकॉर्डही मिळत नव्हत्या?

१९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या शॉर्टवेव्हवर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. आवाज धीरगंभीर आणि इंग्रजी मुद्दाम सावकाश, परक्या देशातल्या श्रोत्याला कळेल असं. पोलंड आणि सोव्हिएत संघातल्या तरुणांसाठी तोच वर्ग होता. रेडिओजवळ टेपरेकॉर्डर ठेवायचा, खरखरीसकट रेकॉर्ड करायचं आणि मग सूर शोधत बसायचं. सोव्हिएत संघात तर बंदी असलेलं संगीत रुग्णालयांतल्या टाकाऊ एक्स-रे फिल्मवर कोरून चोरून विकलं जायचं. कुणाच्या तरी बरगड्यांवर अमेरिकन स्विंग!

अमेरिकेतही सगळं सरळ मार्गाने चाललं होतं असं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बोस्टनमध्ये 'द रिअल बुक' नावाचा जाडजूड ग्रंथ फिरू लागला. शेकडो गाण्यांच्या धुनी आणि कॉर्ड त्यात हाताने सुवाच्य लिहिलेल्या होत्या. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी तो तयार केला होता, तोही संगीतकारांची परवानगी न घेता आणि रॉयल्टी न देता. झेरॉक्सच्या दुकानातून आणि गाडीच्या डिकीतून त्याची विक्री व्हायची. आपल्याकडे सेमिस्टरच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या नोट्सचं जे स्थान असतं, तेच याचं. आणि दोषही तेच. त्यात काही कॉर्ड चुकीच्या लिहिल्या गेल्या होत्या आणि पुस्तकावरून शिकलेली पिढी त्या चुकांसह वाजवू लागली. हॅल लिओनर्ड या प्रकाशन संस्थेने २००४ मध्ये त्याची कायदेशीर आवृत्ती काढली.

एकट्याने शिकणाऱ्यांसाठी त्याआधीच एक मोठी सोय झाली होती. इंडियानाचे जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून साथीच्या रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. बास, ड्रम आणि पियानो रेकॉर्डवर, मुख्य वाद्य तुमचं. त्यातली गंमत म्हणजे स्टिरिओच्या एका बाजूला बास आणि ड्रम, दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम. पियानो शिकणाऱ्याने पियानोची बाजू बंद करायची की झाली त्याची जागा रिकामी. आजच्या 'आयरिअल प्रो'सारख्या अ‍ॅपमध्ये हेच काम कोणत्याही पट्टीत आणि कोणत्याही लयीत होतं.

मग आता नेमकं अडतं कुठे?

इथे थोडा स्वानुभव. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवर मी महिनाभर खपून एक ब्लूज सोलो बसवला होता. निम्म्या गतीपासून सुरुवात करून पूर्ण गतीपर्यंत, एकही सूर न चुकता. त्याच जोरावर शहरातल्या एका कॅफेत जॅम सेशनला गेलो. सॅक्सोफोनवाल्याने सांगितलं, "ब्लूज, एफमध्ये." माझा सोलो 'ए'मध्ये होता. गिटारवर ए सोपी जाते, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाल्यांना एफ आणि बी फ्लॅट सोयीच्या, हे मला त्या दिवशी कळलं. कसंबसं सुरू केलं आणि नवव्या बारपाशी मोजणी हरवली. ड्रमरने माझ्याकडे पाहून पुढच्या आवर्तनाच्या 'एक'वर झांज जोरात वाजवली. फेकली नाही, एवढंच.

मोबाइलवर जे मिळत नाही, ते हे. अ‍ॅपमधला ड्रमर तुम्ही चुकलात म्हणून काहीच करत नाही. तो आपला पुढे जात राहतो आणि घरी एकट्याने वाजवताना आपण नकळत स्वतःलाच माफ करत असतो. शिवाय अ‍ॅप तुमचं ऐकत नाही. तुम्ही हळू झालात तर तो हळू होणार नाही, तुम्ही एखादा तुकडा गमतीने दोनदा वाजवलात तर तो तिसऱ्यांदा उत्तर देणार नाही. जॅझमधलं अर्धं काम समोरच्याचं ऐकून उत्तर देण्याचं आहे. ते बंद खोलीत शिकता येत नाही, मग खोलीत वायफाय कितीही वेगवान असो.

दुसरी अडचण आपल्या शहरांतली, जागेची. वन बीएचकेमध्ये ट्रम्पेट वाजवायचा कधी? ड्रमचं तर नावच नको. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी १९५९ ते १९६१ या काळात जाहीर कार्यक्रम थांबवले आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाज केला. तेव्हा ते आधीच नावाजलेले होते. हेच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिले आणि १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवून गेले. जॅझ यात्रा जिथे व्हायची ते धोबी तलावचं रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकलं आणि तिथले जाहीर कार्यक्रम बंद पडले. नियम चुकीचा होता असं नाही, शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय आहे. पण खुल्या आकाशाखाली स्वस्त तिकिटात जगातले उत्तम वादक पाहण्याची सोय त्याबरोबर गेली. एनसीपीएमध्ये जॅझ महोत्सव होतो, काही क्लब आणि कॅफेंत जॅम चालतात. मात्र रात्री अकराला शेवटची गाणी आणि घर विरार किंवा बदलापूरला, हे गणित विद्यार्थ्याला दर आठवड्याला जमत नाही. खाण्यापिण्याचं बिल वेगळंच.

तिसरी अडचण कमी बोलली जाते. गुरू नसला की मूर्तीच्या दोषांचीही पूजा होते. पार्करला ऐन तारुण्यात हेरॉइनचं व्यसन लागलं. त्याच्यासारखं वाजवायचं तर त्याच्यासारखं जगायलाही हवं, असं मानून त्याच्या मागच्या अनेक तरुण वादकांनी तीच वाट धरली. पार्कर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला.

कुणाला जमलंय का?

बालीचा जोई अलेक्झांडर हे अलीकडचं ठळक उदाहरण. जन्म २००३, देनपसार. वडील हौशी वादक, घरात जॅझच्या रेकॉर्ड भरपूर. सहाव्या वर्षी त्याने थेलोनियस मंकची धून ऐकून पियानोवर काढली. बालीत जॅझ शिकवणारी शाळा नव्हती. मग वडिलांनी त्याला बाली आणि जकार्तातल्या वादकांच्या जॅम सेशनना न्यायला सुरुवात केली. यूट्यूबवरचा त्याचा व्हिडिओ ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस यांच्यापर्यंत पोहोचला आणि २०१४ मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्याला न्यूयॉर्कमध्ये 'जॅझ अ‍ॅट लिंकन सेंटर'च्या सोहळ्यात वाजवायला बोलावणं आलं. २०१५ चा त्याचा पहिला अल्बम दोन ग्रॅमी नामांकनांपर्यंत गेला.

बातम्यांत ही गोष्ट 'यूट्यूबने घडवलेला मुलगा' अशी रंगवली गेली. नीट पाहिलं तर यूट्यूबने त्याला दाखवलं, घडवलं ते घरातल्या रेकॉर्डने आणि मोठ्या वादकांच्या संगतीने. मुलाला रात्री जॅमला घेऊन जाणारे आणि नंतर त्याच्यासाठी देश सोडून न्यूयॉर्कला जाणारे आईवडील हाही भाग सोडून चालणार नाही. तो प्रत्येकाच्या नशिबी नसतो.

म्हणजे कॉलेजला जाऊच नये?

असा अर्थ काढू नका. परदेशातल्या नामांकित जॅझ महाविद्यालयाचा चार वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासह रुपयांत कोटींच्या घरात जातो, शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी. पण तिथे जे विकत मिळतं ते अभ्यासक्रमापेक्षा शेजारच्या खोलीतला बासवादक हे असतं. आपल्यासारखीच शंभर मुलं, रोज, एकाच इमारतीत. अभ्यासक्रम पुस्तकात आणि यूट्यूबवर बराचसा आहे. तो बासवादक नाही.

आपल्याकडे बरीच मुलं पियानो किंवा गिटारच्या ट्रिनिटी, एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षा देतात. त्यातून वाचन आणि बोटं पक्की होतात, जॅझकडे वळताना ते उपयोगी पडतं. फक्त आठवी ग्रेड झालेल्या मुलालाही कागद काढून घेतल्यावर हात थरथरतात, याची पालकांनी तयारी ठेवावी. ती अधोगती नव्हे, दुसरी भाषा पहिलीपासून सुरू झालेली असते. गोव्यातली पॅरिश शाळेतली मुलं ताजमध्ये पोहोचली, तेव्हा त्यांचंही हेच झालं होतं.

सुरुवात करायची तर?

एक सोपा सोलो निवडा, बारा बारचा एकच कोरस. वाद्याला हात लावण्याआधी तो गाऊन पाहा, रेकॉर्डबरोबर, श्वासासकट. गाता आला की मगच वाजवा. नंतर तो आणखी दोन पट्ट्यांत बसवा, त्यातली एक एफ असू द्या (कारण वर आलंच आहे). यूट्यूबवर तयार नोटेशन मिळत असलं तरी पहिले आठ-दहा सोलो कानानेच उतरवा. त्यात वेळ जातो, तो जाऊ द्या, कान त्याच वेळात तयार होतो.

आणि आसपास कुणी तरी शोधा. जॅझवालाच हवा असं नाही. तबला वाजवणारा मित्र चालेल, चर्चच्या क्वायरमधली कीबोर्डवाली चालेल, लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला तर उत्तमच. आठवड्यातून एकदा तासभर, ब्लूजची एकच चौकट. दोघांपैकी एक जण नवव्या बारपाशी हरवेल. दुसऱ्याने थांबायचं नाही, 'एक' जोरात वाजवायचा.